देणगी कोणाची, राज्य कोणाचे?

वाचकहो, आज आपल्यापुढे कायद्याच्या दोन दुरुस्त्या शेजारी शेजारी मांडावयाच्या आहेत. त्यांपैकी पहिली आपल्या चांगल्या परिचयाची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या दिवशी ज्यांनी जुना धर्म टाकला त्यांची अस्पृश्यता काही गावाने टाकली नव्हती. पाणवठा तोच होता, वेशीबाहेरची वस्ती तीच होती आणि पाटलाची नजरही तीच होती. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये बौद्ध मनुष्य अनुसूचित जातीचा राहत नव्हता. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. निवेदने गेली, मोर्चे निघाले, शिष्टमंडळे दिल्लीच्या पायऱ्या झिजवून परत आली. शेवटी १९९० साली आदेशात दुरुस्ती झाली. मध्ये ३४ वर्षे गेली. आणि ही दुरुस्तीही पुढच्या काळापुरतीच होती. मधल्या काळात ज्यांच्या शिष्यवृत्त्या बुडाल्या, ज्यांच्या नोकरीच्या संधी गेल्या, त्यांस कोणी काही भरून दिले नाही. तसे करावे असा विचारही कोणाच्या मनास शिवला नाही.

आता दुसरी दुरुस्ती पाहा. राजकीय पक्षांनी परदेशी पैसा घेऊ नये असा कायदा १९७६ साली झाला होता. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, काँग्रेस व भारतीय जनता पक्ष या दोन्ही पक्षांनी एका परदेशी उद्योगसमूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन या कायद्याचा भंग केलेला आहे. एखाद्या गरीब मनुष्याने कायदा मोडला तर त्याचे काय होते हे आपणांस सांगावयास नको. येथे मात्र कायदाच बदलण्यात आला. २०१६ च्या वित्त कायद्याने परदेशी देणगीची व्याख्या मागील तारखेपासून सैल केली. तेवढ्याने जुना दोष पुरता झाकला गेला नाही असे दिसून येताच २०१८ च्या वित्त कायद्याने ती सैल व्याख्या थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. लोकसभेत यावर चर्चा झाली नाही. अंदाजपत्रकाच्या इतर बाबींबरोबर काही मिनिटांत ती संमत झाली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी शांत बसले होते.

बौद्धांचा न्याय ३४ वर्षे पुढे ढकलला गेला आणि पक्षांची क्षमा सुमारे ४२ वर्षे मागे नेण्यात आली. देश तोच, संसद तीच आणि संविधानही तेच. मग हा फरक कशामुळे पडतो, असा प्रश्न आम्ही आपणांस विचारतो. आमचे उत्तर असे की, पहिल्या मागणीच्या पाठीशी केवळ मते होती, दुसरीच्या पाठीशी पैसा होता. मत पाच वर्षांतून एकदा मोजले जाते. पैसा प्रत्येक महिन्यास मोजला जातो.

याची जाणीव आपल्या देशास उशिरा झाली असे मात्र नव्हे. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांस देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आले. प्रचलित कायद्यात अशा बदलास मनाई नसल्यामुळे न्यायालयास परवानगी देणे भाग पडले. परंतु देताना न्यायमूर्तींनी संसदेस इशारा दिला की, कंपन्यांचा हा पैसा लोकशाहीवर झडप घालून तिचा श्वास कोंडील, असा धोका येथे संभवतो. कंपनीच्या भागधारकास मत एकच असते. परंतु त्याच्या पैशाच्या बळावर संचालक मंडळ जे वजन राज्यकर्त्यांवर टाकू शकते त्याचे माप कोणत्याही मतपेटीत होत नाही. १९५७ साली, निवडणुकीचा खर्च आजच्या मानाने किरकोळ असताना, हे बोलले गेले.

संसदेने इशारा ऐकला, पण अर्ध्या कानाने. १९६० साली देणगीस मर्यादा घातली गेली: वर्षास २५,००० रुपये किंवा सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. १९६४ साली भ्रष्टाचार निर्मूलनासाठी नेमलेल्या संथानम समितीने कंपन्यांच्या राजकीय देणग्या पूर्णपणे बंद कराव्यात असे सुचविले. १९६९ साली त्या खरोखरच बंद झाल्या. तथापि पक्षांचा खर्च कोठून चालावा याची दुसरी कोणतीही सोय झाली नाही, आणि खर्च कमी करण्याची इच्छा तर कोणालाच नव्हती. परिणामी धनादेश थांबले आणि पेट्या सुरू झाल्या. १९८५ साली बंदी उठविण्यात आली, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के इतकी ठरविली. या साऱ्या चढउतारांत एक गोष्ट टिकून होती: देणारी कंपनी घेणाऱ्या पक्षाचे नाव आपल्या हिशेबात लिहीत असे.

२०१७ च्या वित्त कायद्याने तीही गोष्ट गेली. ७.५ टक्क्यांची मर्यादा काढून टाकण्यात आली, पक्षाचे नाव लिहिण्याचे बंधन काढून टाकण्यात आले, आणि निवडणूक रोखे नावाची एक नवी वस्तू जन्मास आली. स्टेट बँकेत जावे, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा विकत घ्यावा, तो पक्षास द्यावा, पक्षाने तो वटवावा. कोणी कोणास दिले हे मतदारास कळू नये. निवडणूक आयोगाने हरकत घेतली, रिझर्व्ह बँकेने हरकत घेतली. परंतु विधेयक धनविधेयक म्हणून आणले गेल्यामुळे राज्यसभेस ते अडविण्याचा अधिकारच उरला नव्हता. तोट्यात असलेल्या कंपनीसही आता हवी तेवढी देणगी देता येऊ लागली. जी कंपनी तोट्यात आहे ती दान कशातून करते, आणि कशासाठी करते, हा प्रश्न शाळकरी मुलासही सुचेल; अर्थमंत्रालयास तो सुचला नाही.

हे दान गुप्त राहावे, म्हणजे देणाऱ्यास सूडाची भीती राहणार नाही, असे समर्थन करण्यात आले. पण गुप्त कोणापासून? खरेदीदाराची ओळख बँकेपाशी होती, प्रत्येक रोख्यावर साध्या डोळ्यांस न दिसणारा क्रमांक होता, आणि बँक सरकारच्या मालकीची होती. म्हणजे अंधारात होता तो केवळ मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली. पक्षांस पैसा कोण पुरवितो हे जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कंपन्यांस अमर्याद देणगीची मुभा देणे समतेच्या तत्त्वास बाधक आहे, असे न्यायालयाने म्हटले. बँकेने तपशील देण्यास ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली, आणि मार्च महिन्यात याद्या बाहेर आल्या.

त्या याद्या वाचण्यासारख्या आहेत. सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे सहा वर्षांत विकले गेले, आणि त्यांच्या एकूण किमतीपैकी ९० टक्क्यांहून अधिक किंमत एक-एक कोटीच्या रोख्यांची होती. एक हजाराचा रोखा होता खरा, पण तो देवळाच्या दारातील तांब्याच्या पैशासारखा शोभेपुरता होता. एप्रिल २०१९ पासूनच्या तपशिलानुसार केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाने ६,००० कोटींहून अधिक रकमेचे रोखे वटविले; तृणमूल काँग्रेसने सुमारे १,६०० कोटींचे, काँग्रेसने सुमारे १,४०० कोटींचे, तेलंगणातील भारत राष्ट्र समितीने सुमारे १,२०० कोटींचे. जेथे ज्याची सत्ता, तेथे त्याची ओटी भरलेली, असा साधारण क्रम दिसतो. बहुजन समाज पक्षाने मात्र आपणांस रोख्यांतून काहीही मिळाले नसल्याचे कळविले. हा त्यांचा संयम, की त्यांच्या दारी कोणी रोखा घेऊन गेलेच नाही, याचा निवाडा वाचकांनी करावा. आमच्या मते दुसरे कारण अधिक सबळ असावे.

सर्वांत मोठा खरेदीदार कोण निघाला? देशातील पोलाद अथवा वीज निर्माण करणारा कारखानदार नव्हे. लॉटरीचा धंदा करणाऱ्या फ्युचर गेमिंग या कंपनीने १,३०० कोटींहून अधिक रकमेचे रोखे घेतले होते. त्यांतील ५०९ कोटी रुपये तामिळनाडूतील द्रविड मुन्नेत्र कळघमास मिळाले. हे त्या पक्षाने स्वतःच निवडणूक आयोगास कळविले होते. लॉटरीचे तिकीट कोण घेतो, वाचकहो? हमाल घेतो, बिगारी घेतो, महिनाअखेर पगार न पुरणारा सफाई कामगार घेतो. त्याच्या खिशातील दहा-वीस रुपये गोळा होऊन त्याचा एक कोटीचा कागद होतो, आणि तो कागद ज्या पक्षाच्या तिजोरीत जातो त्या पक्षास त्या हमालाचे नावही ठाऊक नसते. रुपया त्याचा आणि आभार मात्र दुसऱ्याचे.

येथे कोणी म्हणेल की, देणगी दिली म्हणजे सरकार विकत घेतले असे होत नाही. देणारा विचारानेही देत असेल. असेल. परंतु हितसंबंधी गट राज्यकर्त्यास रोज काही मागत नाहीत. त्यांचे कार्य याहून सूक्ष्म असते. कोणत्या विषयावर समिती नेमावयाची, कोणते विधेयक या अधिवेशनात घ्यावयाचे आणि कोणते पुढील अधिवेशनासाठी ठेवावयाचे, कोणाला भेटीची वेळ द्यावयाची, येथे त्यांचे वजन पडते. लाच घेणारा अधिकारी सापडतो, त्याच्यावर खटला होतो. ज्या विधेयकास विलंब झाला त्या विलंबावर खटला होत नाही. बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न ३४ वर्षे कोणी फेटाळला नव्हता. तो केवळ ‘विचाराधीन’ होता.

काही ठिकाणी तर देणगीचीही गरज उरत नाही. आपल्या महाराष्ट्रातील साखर कारखानदारीकडे पाहा. कारखान्याचा अध्यक्ष आमदार असतो, आमदाराचा भाऊ जिल्हा बँकेत असतो, कारखान्याच्या कर्जास शासन हमी देते, आणि ती हमी ज्या मंत्रिमंडळातून निघते तेथे पुन्हा कारखान्याचीच माणसे बसलेली असतात. उलट त्याच कारखान्याच्या फडात बीडकडील नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून उभे राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडताना त्यांचा हंगाम सरतो. त्यांचाही हितसंबंध आहे, तोही राज्याशीच निगडित आहे. परंतु मंत्रिमंडळात त्यांचे कोणी नाही.

आता या प्रश्नाची जी बाजू आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ करते तिच्याकडे वळू. लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत. कायद्याने आपले दारिद्र्य मान्य करून अनामत रक्कम निम्मी ठेवली आहे: इतरांस २५,००० रुपये, आपणांस १२,५०० रुपये. परंतु २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारास ९५ लक्ष रुपये खर्च करण्याची मुभा आहे, आणि त्यात राखीव जागेचा उमेदवार निराळा नाही. म्हणजे दारात आपले दारिद्र्य कायद्यास दिसते, आत गेल्यावर दिसत नाही. शिवाय ९५ लक्ष ही उमेदवाराची मर्यादा झाली. पक्षाने किती खर्च करावा यास मर्यादाच नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खर्चात धरला पाहिजे असे म्हटले होते. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि निर्णय निष्प्रभ झाला. असे वटहुकूम किती तातडीने निघू शकतात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याचा अर्थ काय होतो? राखीव जागेवरील आपला मनुष्य स्वतःच्या पैशाने उभा राहू शकत नाही. समाजाच्या वर्गणीने उभा राहिला तर समोरच्या पक्षाच्या मोटारी, फलक आणि माणसे यांपुढे तो दिसेनासा होतो. म्हणून तो मोठ्या पक्षाकडे जातो. पक्ष त्यास तिकीट देतो, पैसा देतो. तो पैसा पक्षास कोणी दिला हे त्या उमेदवारासही ठाऊक नसते. निवडून आल्यावर वस्तीवर हल्ला झाला, गायरानावरील अतिक्रमणाच्या नावाखाली भूमिहीनांस हुसकावले गेले, तर हा प्रतिनिधी सभागृहात तोंड उघडण्यापूर्वी पक्षाच्या नेत्याकडे पाहतो. पुणे कराराने जे प्रतिनिधी आपल्या वाट्यास आले त्यांच्याविषयी पूज्य बाबासाहेबांची तक्रार हीच होती की, दुसऱ्यांच्या मतांवर व दुसऱ्यांच्या बळावर निवडून आलेला मनुष्य आमचा राहत नाही. त्या वेळी बोलणे मतांविषयी अधिक होते. आज मते कदाचित आपली असतील. पैसा आपला नाही, आणि परिणाम तोच आहे. आपल्या चळवळीतून फुटून निघालेल्या लहानमोठ्या गटांनी एका-दोन जागांसाठी या पक्षाच्या नाहीतर त्या पक्षाच्या दारी बसावे, याचेही एक कारण येथेच आहे. त्यास केवळ लोभ म्हणून सोडून देणे आम्हांस सोपे वाटत नाही.

या विषयावर बौद्ध परंपरेत काही सांगितले आहे काय? सांगितले आहे, आणि फार स्पष्ट सांगितले आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीच्या संगीतीची हकीकत आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणास शंभर वर्षे झाली होती. यश नावाचे भिक्खू वैशालीस आले असता उपोसथाच्या दिवशी वज्जी भिक्खूंनी काशाच्या पात्रात पाणी भरून ते संघामध्ये ठेवले आहे आणि येणाऱ्या उपासकांस त्यात कार्षापण टाकण्यास ते सांगत आहेत, असे त्यांनी पाहिले. यशांनी उपासकांस नाणी टाकू नका असे सांगितले. तरी ती टाकली गेली. दुसऱ्या दिवशी वाटणी झाली, तेव्हा वज्जी भिक्खूंनी यशांचाही वाटा काढून ठेवला. वाचकहो, हा भाग फार महत्त्वाचा आहे. आक्षेप घेणाऱ्याचे तोंड बंद करण्याची पहिली रीत त्यास मारणे ही नसून त्यास वाटा देणे ही असते. यशांनी वाटा नाकारला. तेव्हा त्यांनी उपासकांचा अपमान केला असे ठरवून त्यांस उपासकांची क्षमा मागण्याचा दंड झाला. यश उपासकांकडे गेले, परंतु क्षमा मागण्याऐवजी सारी वस्तुस्थिती त्यांस सांगितली; आणि उपासकांस ती पटली.

पुढची हकीकत तर आजच्या दिल्लीची वाटावी. प्रकरण थेर रेवतांपुढे जाणार असे कळताच वज्जी भिक्खू पात्रे, चीवरे इत्यादी वस्तू घेऊन त्यांच्याकडे गेले. रेवतांनी त्या घेतल्या नाहीत. मग त्यांनी रेवतांच्या सेवेतील उत्तर नावाच्या भिक्खूस गाठले, पुष्कळ आग्रह करून त्यास एक चीवर घ्यावयास लावले, आणि थेरांपाशी आमच्या बाजूने दोन शब्द टाक असे सांगितले. एकच चीवर! उत्तराने शब्द टाकले. रेवतांनी त्यास तत्काळ आपल्यापासून दूर केले. पुढे सातशे भिक्खूंच्या सभेत वज्जींच्या दहाही गोष्टी धम्माविरुद्ध ठरल्या.

उपासकांस सत्य उघड सांगितले गेले म्हणून यश टिकले, हे येथे विसरू नये. दान हे वाईट नव्हे; लपविलेले दान वाईट. १९२० साली ‘मूकनायक’ सुरू करण्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले, आणि ती गोष्ट शंभर वर्षांनंतरही आपण अभिमानाने सांगतो. जी देणगी उघड सांगता येत नाही तीत काही तरी सौदा असतो, असे समजण्यास हरकत नाही.

रोखे गेले म्हणून प्रश्न सुटला असेही नव्हे. २०१३ पासून ‘निवडणूक न्यास’ नावाची योजना आहे. कंपन्या न्यासास पैसा देतात आणि न्यास पक्षांस वाटतात. रोखे रद्द झाल्यावर या वाटेने जाणारा पैसा वाढला. येथे नावे प्रसिद्ध होतात, इतकी सुधारणा आहे. परंतु अनेक कंपन्यांचा पैसा एका हौदात पडतो आणि तेथून पाट फुटतात. कोणत्या कंपनीचे पाणी कोणत्या शेतात गेले हे कोणी सांगावे? आणि २०,००० रुपयांपर्यंत देणाऱ्याचे नाव पक्षाने जाहीर करण्याची सक्ती नसल्यामुळे मोठी रक्कम लहान तुकडे करून आत घेता येते.

आमची मागणी अशी आहे. पक्षाच्या निवडणूक खर्चास उमेदवाराप्रमाणेच मर्यादा असावी. कंपन्यांच्या देणग्या १९६९ प्रमाणे बंद व्हाव्यात, परंतु १९६९ ची चूक पुन्हा होऊ नये: १९९८ साली इंद्रजित गुप्ता समितीने सुचविल्याप्रमाणे शासनाने छपाई, सभागृहे, प्रसारणाचा वेळ या रूपाने उमेदवारांचा काही भार उचलावा, आणि तो राखीव जागांपासून सुरू करावा. याने खर्च वाढेल असे म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर आहे की तो खर्च आजही आपणच सोसतो, फक्त पावती दुसऱ्याच्या नावे फाडली जाते.

हे सारे संसदेने करावयाचे आहे, आणि संसद ते सहजासहजी करणार नाही. तोवर आपल्या हाती काय आहे? आपल्या वस्तीत मत मागण्यास जो येईल त्यास, तो आपला असो वा परका, पक्षाच्या पैशाविषयी विचारावे, आणि उत्तर न दिल्यास त्याचे नाव लक्षात ठेवावे. परंतु असा प्रश्न विचारणाऱ्याचे स्वतःचे पात्र स्वच्छ पाहिजे. आपली बुद्धविहारे, जयंती मंडळे, शिक्षणसंस्था यांस स्थानिक नगरसेवक, ठेकेदार, कारखानदार देणग्या देतात. मंडपावर त्यांची छायाचित्रेही लागतात, पण रक्कम कोठेच लिहिलेली नसते. प्रत्येक विहाराच्या भिंतीवर एक फळा असावा, त्यावर देणाऱ्याचे नाव, रक्कम व ती कशावर खर्च झाली हे लिहावे, मग ती रक्कम दहा रुपये असो वा दहा लक्ष. येत्या वैशाखी पौर्णिमेपूर्वी हे फळे लागावेत, आणि ज्या विहारांत ते लागतील त्यांनी आम्हांस कळवावे. त्यांची नावे आम्ही या पाक्षिकात छापू.